थंडीतली अंघोळ: पाणी किती गरम हवं?

चंडीगढच्या सेक्टर ४३ मध्ये जानेवारीचं धुकं उतरलं की कढत पाण्याचा मोह आवरत नाही. पण फार गरम पाण्याने त्वचेवरचं नैसर्गिक तेल निघून जातं आणि अंगाला खाज सुटते. म्हणून पाणी कोमट, साधारण ३७ ते ३८ अंश सेल्सिअस ठेवा. बाळाच्या टबात आधी थंड, मग गरम पाणी ओता आणि कोपर बुडवून तपासा.

गॅस गीझर बाथरूमच्या बाहेरच बसवा. बंद जागेत साचणाऱ्या कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो, तो जिवावर बेततो.

आणि हो, तिळाचं तेल, उटणं फक्त दिवाळीलाच कशाला? रविवारीही अभ्यंगस्नान करा. माहेर लांब असलं, तरी उटण्याच्या वासाने जवळ येतं!