एका पेटीतल्या अनेक आळ्या

जासईच्या माणसाला कंटेनरचे नवल नाही. १९८९ साली न्हावा-शेवा बंदर सुरू झाले, तेव्हापासून ट्रेलरची वर्दळ आमच्या अंगवळणी पडली आहे. पण जून २०१७ च्या अखेरीस या बंदरातील गेटवे टर्मिनल्स इंडियाच्या धक्क्यावरचे काम ठप्प झाले. ना संप होता, ना वादळ. कोणता डबा कोणाचा, हे सांगणारे संगणकच बंद पडले होते. या धक्क्यात डेन्मार्कच्या मेर्स्क समूहाची भागीदारी आहे, आणि त्या समूहाच्या संगणकांत 'नॉटपेट्या' हा घातक प्रोग्रॅम युक्रेनमधील हिशेबाच्या एका सॉफ्टवेअरमधून शिरला होता. तिथली कीड उरण तालुक्यापर्यंत पोचली कशी? मी कला शाखेची विद्यार्थिनी, आणि घरात कॉलेजची पायरी चढलेली पहिलीच. तरी हा प्रश्न काही मला सोडीना. जे समजले ते मांडते. चुकल्यास गुरुजनांनी कान धरावा.

कार्यालयातले संगणक ज्या पेटीला तारांनी जोडतात, तिला स्विच म्हणतात. प्रत्येक संगणकाच्या नेटवर्क कार्डाला ४८ बिटांचा एक पत्ता असतो. स्विच हा गावातल्या जुन्या पोस्टमनसारखा. कोणता पत्ता कोणत्या पोर्टवर राहतो हे तो लक्षात ठेवतो आणि ज्याचे टपाल त्याच्याच दारात टाकतो. मात्र एखाद्या संगणकाने "अमका कुठे आहे हो?" असे विचारले, की ती दवंडी सर्वांच्या कानी जाते.

नवा स्विच खोक्यातून काढून जोडला, की साधारणपणे त्याचे सगळे पोर्ट १ क्रमांकाच्या एकाच आळीत असतात. फी घेणारा कारकून, ग्रंथालय, पेनड्राइव्ह घेऊन आलेला विद्यार्थी, सारे एकाच अंगणात! नॉटपेट्यासारखी कीड एका यंत्रातून शेजारच्या यंत्रात आपोआप सरकते. तिला असे मोकळे अंगण फार फावते.

यावर उपाय म्हणजे व्हर्च्युअल लॅन. तारा त्याच, पेटी तीच. फक्त स्विचला सांगायचे, पहिले आठ पोर्ट १० क्रमांकाचे, पुढचे आठ २० चे. दवंडी आता आळीबाहेर जात नाही. दोन मजल्यांवर दोन स्विच असले तर सर्व आळ्यांचे टपाल एकाच तारेवरून न्यावे लागते. तिला ट्रंक म्हणतात. तिथे प्रत्येक टपालावर चार बाइटांची चिठ्ठी लागते. तिचे नियम १९९८ च्या ८०२.१क्यू या मानकात ठरले. चिठ्ठीत क्रमांकाला १२ बिट, म्हणून वापरण्याजोग्या आळ्या ४०९४. आमच्या अख्ख्या तालुक्याला पुरून उरतील!

एका आळीतून दुसरीत जायचे तर राउटरच्या वेशीतूनच जावे लागते. कोणाला सोडायचे, कोणाला अडवायचे हे तिथे ठरते. वेशीवर पहारा नसेल तर आळ्या नुसत्या नावाच्या, असे माझे मत आहे.

सुटीत एका ठिकाणी मदतनीस असताना मी कॅमेऱ्यांचे पोर्ट असेच वेगळे केले होते. पण मांडणी स्विचमध्ये सेव्ह करायला विसरले. रात्री वीज गेली आणि सगळे पोर्ट पुन्हा १ मध्ये आले. गंमत अशी की कोणाचेच काही अडले नाही. कॅमेरे चालू, छपाई चालू, तक्रार नाही. चौथ्या दिवशी मी सहज यादी उघडली तेव्हा उमगले. मग क्रमांक पुन्हा घातले, आणि सेव्ह केले की नाही हे दोनदा पाहिले.