एम.एस्सी.नंतरची पाच वर्षे

दिल्लीच्या उत्तरेकडील टेकडीवरचे हिंदूराव रुग्णालय तेथील मराठी कुटुंबांस परिचयाचे आहे; पण हे नाव कोणाचे, असे क्वचितच कोणी विचारतो. बायजाबाई शिंदे यांचे बंधू हिंदूराव घाटगे यांचा तो बंगला. पुढे त्याचे रुग्णालय झाले. टेकडीलगतच दिल्ली विद्यापीठ आहे. त्या परिसरातील एखाद्या बिऱ्हाडात एम.एस्सी. झालेली मुलगी म्हणते, "मला प्लाझ्मावर संशोधन करावयाचे आहे," तेव्हा वडीलधाऱ्यांना प्रथम रक्त आठवते, आणि मागोमाग प्रश्न येतो: आणखी पाच वर्षे शिकणार, तर कमावणार केव्हा?

वाचकहो, हा प्रश्न मुळीच गैर नाही. त्याचे उत्तर मात्र माहिती घेऊन द्यावयास हवे.

हा प्लाझ्मा रक्तातला नव्हे. वायू अतिशय तापला की त्याच्या अणूंतून इलेक्ट्रॉन सुटे होतात. अशा विद्युत्भारित वायूस लँगम्यूर यांनी १९२८ साली हे नाव दिले. सूर्य, वीज, जुन्या नळीदिव्यातील प्रकाश ही सारी त्याचीच रूपे. ताऱ्यांतील अणू कोणत्या तापमानास व दाबास किती फुटतात, याचे समीकरण मेघनाद साहा यांनी १९२० साली मांडले. त्यांचे शिष्य दौलतसिंह कोठारी १९३४ मध्ये दिल्ली विद्यापीठात आले. केवळ प्रचंड दाबानेही अणू असे फुटू शकतात, हा विचार त्यांनी पुढे नेला. म्हणजे मुलगी जे मागते आहे, त्याची परंपरा घरापासून फार दूर नाही.

दिल्लीचेच दुसरे उदाहरण प्रेधिमान कृष्ण काव यांचे. दिल्लीच्या आय.आय.टी.तून १९६६ साली त्यांनी डॉक्टरेट मिळविली, तेव्हा त्यांचे वय अवघे अठरा होते! (आपल्या मुलांची त्यांच्याशी तुलना करू नये, हे सांगणे नलगे.) गांधीनगरजवळील प्लाझ्मा संशोधन संस्था त्यांच्या नेतृत्वाखाली १९८६ साली स्थापन झाली. तेथील 'आदित्य' हे यंत्र १९८९ मध्ये सुरू झाले. त्यात तप्त प्लाझ्मा चुंबकीय क्षेत्राने धरून ठेवतात. भिंतीस तो टेकला की थंडावतो. सूर्यातील संमीलनक्रिया पृथ्वीवर घडवून वीज मिळविण्याचा हा मार्ग आहे. फ्रान्समधील 'ईटर' प्रकल्पातही भारत भागीदार आहे.

आता कमाईचे. राष्ट्रीय पात्रता परीक्षेतून कनिष्ठ पाठ्यवृत्ती मिळाल्यास पहिली दोन वर्षे दरमहा ३७,००० व नंतर ४२,००० रुपये मिळतात. हे दर जानेवारी २०२३ पासूनचे आहेत. घरभाडे निराळे. या पाठ्यवृत्तीच्या वयोमर्यादेत स्त्रियांना पाच वर्षांची सवलत आहे. भौतिकीसाठी 'जेस्ट' व 'गेट' या परीक्षांचीही वाट आहे. गांधीनगरास पहिले वर्ष अभ्यासक्रमाचे असते, विषय त्यानंतर ठरतो.

तरीही सारे गोड नाही. पाच वर्षांची सहा होतात, आणि पदवीनंतरच्या जागा मोजक्या असतात. म्हणून अर्ज करण्यापूर्वी मुलीस तेथील दोनतीन जुन्या विद्यार्थ्यांशी बोलू द्यावे. त्या मार्गदर्शकाकडील प्रबंध किती वर्षांत पुरे झाले, प्रयोगासाठी यंत्र वर्षाकाठी किती दिवस हाती येते, पाठ्यवृत्तीची मुदत संपल्यावर काय होते आणि पूर्वीचे विद्यार्थी आज कोठे आहेत, एवढे तिने विचारून यावे. मग घरात बसून बोलावे.