सेकंड हँड घड्याळ घेताय? चकचकीत डायलला भुलू नका, आधी या गोष्टी तपासा

पहिला पगार झाला तेव्हा बाबांसाठी घड्याळ घ्यायचं हे आधीच ठरलेलं होतं. बाबा एसटीत कंडक्टर होते. नोकरीची बरीच वर्षं त्यांच्या हातावर एचएमटी जनता होतं. ते कधीतरी हरवलं, पुढे मोबाईल आला आणि घड्याळ राहूनच गेलं.

मी ऑनलाइन शोधलं. निळ्याशार डायलचं, आरशासारखं चमकणारं एचएमटी १,४०० रुपयांत मिळालं. जाहिरातीत लिहिलेलं, 'ओरिजिनल, न वापरलेला जुना स्टॉक'. बाबांनी चावी दिली, कानाला लावलं आणि हसले.

दहा-बारा दिवसांनी एका संध्याकाळी बघितलं, तर बाहेर अंधार पडलेला आणि बाबांच्या घड्याळात पावणेचार.

"बंद पडलंय का?"

"परवाच पडलं. असू दे गं, हातावर बरं वाटतं."

दुसऱ्या दिवशी ते घड्याळ घेऊन मी आमच्याकडच्या दुरुस्तीवाल्या काकांकडे गेले. त्यांनी मागचं झाकण उघडलं, डोळ्याला भिंग लावलं आणि एकेक गोष्ट दाखवत गेले. डायल नव्याने रंगवलेला. काटे दुसऱ्याच मॉडेलचे. मशीनचा एक स्क्रू गायब. तेल सुकून काळं पडलेलं. "ताई, तुम्ही घड्याळ नाही, रंग विकत घेतलात," एवढंच ते म्हणाले.

जुनं पण दर्जेदार घड्याळ रोज वापरायला घ्यायचं असेल, तर हा रंग ओळखता आला पाहिजे. तो कसा ओळखायचा, तेच आज समजून घेऊया.

आधी प्रश्न हा की जुनं घड्याळ घ्यायचंच कशाला?

एक कारण म्हणजे काही चांगली घड्याळं नवीन मिळणं कठीण झालंय. एचएमटीचंच बघा. सरकारी मालकीच्या या कंपनीने जपानच्या सिटिझन कंपनीच्या सहकार्याने १९६१ मध्ये बेंगळुरूत घड्याळांचा कारखाना सुरू केला. जनता, पायलट, कोहिनूर, कांचन ही नावं घराघरात गेली. दहावी पास झालं की एचएमटी, लग्नात जावयाला एचएमटी, निवृत्तीच्या दिवशी पुन्हा एचएमटी.

मग बॅटरीवर चालणारी क्वार्ट्झ घड्याळं आली. टाटा समूह आणि तामिळनाडू सरकारचं औद्योगिक महामंडळ यांनी मिळून १९८४ मध्ये टायटन स्थापन केली आणि तिने क्वार्ट्झवर भर दिला. रोज चावी द्यायची कटकट नाही, वर वेळही अचूक. एचएमटी मागे पडत गेली आणि जानेवारी २०१६ मध्ये केंद्रीय मंत्रिमंडळाने एचएमटी वॉचेस ही कंपनी बंद करायला मंजुरी दिली. म्हणजे आज बाजारात दिसणारी बहुतेक एचएमटी जुनीच असणार.

दुसरं कारण म्हणजे चावीचं घड्याळ दुरुस्त होतं. त्यात सर्किट नसतं. एक स्प्रिंग असते, चावी दिली की ती गुंडाळली जाते आणि हळूहळू सुटताना चाकं फिरवते. जनतामधलं चक्र तासाला १८,००० ठोके देतं, म्हणजे सेकंदाला ५. ही चाकं साफ केली, तेल दिलं की ४०-५० वर्षांपूर्वीचं घड्याळ पुन्हा चालू लागतं.

पण मग 'मुंबई स्पेशल' काय भानगड आहे?

जगभरातले घड्याळप्रेमी हा शब्द वापरतात आणि तो कौतुकाने वापरत नाहीत.

आपल्याकडे दमट हवा, घाम, पाऊस. जुन्या घड्याळांचे डायल डागाळतात, पिवळे पडतात. मग कारागीर डायल घासून नव्याने रंगवतात, त्यावर पुन्हा नाव छापतात. यालाच रिडायल म्हणतात. सुरुवातीला ही साधी दुरुस्ती होती. गिऱ्हाईक आपलं घड्याळ द्यायचं आणि नवं करून घ्यायचं.

पुढे त्याचा धंदा झाला. एका घड्याळाचं मशीन, दुसऱ्याची बॉडी, तिसऱ्याचे काटे आणि वर भडक रंगाचा नवा डायल असं जोडून ही घड्याळं ऑनलाइन जगभर जाऊ लागली. सेको, सिटिझन, फाव्र-ल्युबा, एचएमटी, सगळ्यांच्या नावाने. अशा जोडकामाला परदेशातल्या संग्राहकांनी 'मुंबई स्पेशल' हे नाव दिलं.

इथे एक गोष्ट लक्षात ठेवा. रिडायल करणं हा गुन्हा नाही. विकणाऱ्याने तसं सांगितलं, किंमत त्यानुसार लावली आणि मशीन चांगलं असेल, तर रोजच्या वापराला ते चालू शकतं. फसवणूक तेव्हा होते, जेव्हा रंगवलेलं घड्याळ 'ओरिजिनल' म्हणून विकलं जातं. कारण ज्याने डायलवर खर्च केलाय, त्याने मशीनवर केलाच असेल असं नाही. डायल फोटोत दिसतो, मशीन दिसत नाही.

मग तपासायचं काय?

१. डायल आणि वय जुळतंय का? १९८० च्या आसपासचं घड्याळ म्हणताय आणि डायल कालच छापल्यासारखा कोरा असेल, तर शंका घ्या. फोटो मोठा करून अक्षरं बघा. कंपनीची छपाई बारीक आणि धारदार असते. रिडायलमध्ये अक्षरं जाड, किंचित फुटलेली किंवा वाकडी दिसतात. मिनिटांच्या रेघा वरच्या खुणांशी जुळत नाहीत. थोडे डाग असलेला मूळ डायल कधीही परवडला.

२. काटे बरोबर आहेत का? मिनिटकाटा मिनिटांच्या रेघांपर्यंत पोहोचला पाहिजे. तो फारच आखूड किंवा बाहेर जाणारा असेल, तर तो दुसऱ्या घड्याळाचा असू शकतो. त्याच मॉडेलचे चार-पाच फोटो इंटरनेटवर शोधून तुलना करा.

३. आतल्या मशीनचा फोटो आहे का? ही सगळ्यात महत्त्वाची मागणी. मागचं झाकण उघडून काढलेला स्पष्ट फोटो मागा. त्यात गंज, काळा चिकटा, घासलेले स्क्रू, कंपनीचं नाव, सगळं कळतं. 'उघडता येत नाही' असं उत्तर आलं, तर सरळ पुढच्या घड्याळाकडे वळा.

४. नंबर जुळतात का? सेकोमध्ये हे काम सोपं आहे. मागच्या झाकणावर मॉडेलचा नंबर असतो आणि त्याचे पहिले चार आकडे-अक्षरं म्हणजे मशीनचा नंबर, उदाहरणार्थ ७००९ किंवा ७एस२६. डायलच्या तळाशीही अगदी बारीक अक्षरांत कोड असतो आणि त्यातही मशीनचा नंबर येतो. झाकणावर ७००९ आणि डायलवर ७एस२६ असेल, तर दोन घड्याळं एकत्र झालीत.

झाकणावरच्या सिरीयल नंबरवरून महिनाही कळतो. पहिला आकडा वर्षाचा शेवटचा आकडा आणि दुसरा महिना. म्हणजे सुरुवात ६५ ने होत असेल, तर ६ ने संपणाऱ्या वर्षाचा मे महिना. दशक कुठलं, ते मशीनवरून ठरवायचं. ७एस२६ हे मशीन १९९६ मध्ये आलं. त्यामुळे असं घड्याळ कुणी '१९८६ चं' म्हणून विकत असेल, तर तिथेच गाडी थांबवा.

५. चालवून बघा. नुसतं 'चालू आहे' याला अर्थ नाही. हलवल्यावर दोन मिनिटं कुठलंही घड्याळ चालतं. पूर्ण चावी दिल्यावर ते किमान २४ तास चाललं पाहिजे. चांगल्या स्थितीतलं चावीचं घड्याळ दीड दिवसाच्या आसपास चालतं. काच वर ठेवून आणि मग उभं धरून, दोन्ही प्रकारे चालतंय का बघा. चावी बाहेर ओढून काटे फिरवताना ते अडकायला किंवा सैल फिरायला नकोत. तारीख-वार असेल, तर तोही बदलून बघा. फक्त रात्री ९ ते पहाटे ३ या वेळेत तारीख हाताने बदलू नका. तेव्हा आतली चाकं स्वतः तारीख ढकलण्याच्या तयारीत असतात आणि दात तुटू शकतात.

६. वेळ किती चुकतेय? घड्याळाचा ठोका ऐकून दिवसाला किती सेकंद पुढे-मागे होतं, हे सांगणारी मोबाईल ॲप्स आहेत. किंवा सरळ मोबाईलवर वेळ लावून दुसऱ्या दिवशी त्याच वेळी बघा. जुन्या साध्या घड्याळात दिवसाला अर्ध्या मिनिटाचा फरक खपवून घ्या. महागडी स्विस क्रोनोमीटर प्रमाणपत्राची घड्याळंसुद्धा दिवसाला ४ सेकंद मागे ते ६ सेकंद पुढे एवढ्या मर्यादेत असतात. घड्याळ अचानक काही मिनिटं पुढे धावायला लागलं, तर ते चुंबकाच्या जवळ गेलेलं असू शकतं. दुकानात ते काही मिनिटांत ठीक होतं.

रोज वापरायला नेमकं कुठलं घ्यावं?

रोज सकाळी चावी द्यायला आवडत असेल, तर एचएमटी जनता किंवा पायलट. १७ ज्वेल्सचं साधं मशीन, दुरुस्तीवाल्यांच्या हाताखालून हजारदा गेलेलं. ज्वेल्स म्हणजे चाकांच्या टोकांना घर्षण कमी व्हावं म्हणून बसवलेले कृत्रिम माणिक. त्यांचा पैशाच्या मोलाशी संबंध नाही, त्यामुळे 'आत माणिक आहेत' म्हणून कुणी भाव वाढवत असेल, तर हसून सोडून द्या. आकार मात्र बघून घ्या. ही घड्याळं आजच्या मानाने लहान दिसतात.

चावी विसरण्याची सवय असेल, तर सेको ५. हाताच्या हालचालीने स्प्रिंग आपोआप भरते. ७००९ आणि ७एस२६ ही मशीन्स चावी फिरवून भरत नाहीत आणि चावी बाहेर ओढली तरी सेकंदकाटा थांबत नाही. हा बिघाड नाही, त्यांची रचनाच तशी आहे.

आणि यातलं काहीच नको, फक्त वेळ बघायची असेल, तर जुनं क्वार्ट्झ घड्याळ घ्या. त्यातला स्फटिक सेकंदाला ३२,७६८ वेळा कंप पावतो, म्हणून अचूकतेत चावीचं घड्याळ त्याच्या जवळपासही येत नाही. फक्त झाकण उघडून बॅटरी गळून आत हिरवट डाग पडलेत का ते बघा.

कुठलंही जुनं घड्याळ घेतलं, तरी 'वॉटर रेझिस्टंट' या शब्दावर विसंबू नका. झाकणाखालचं रबर वर्षांनी कडक होतं. हात धुताना ठीक, पण पावसात आणि पोहायला जाताना घरी ठेवा.

किंमत कशी धरायची?

घड्याळाची किंमत अधिक सर्व्हिसिंगचा खर्च, असा हिशोब करा. न वापरलेल्या जुन्या घड्याळातलंही तेल सुकतं, त्यामुळे 'अगदी नवीनसारखं आहे' म्हणून सर्व्हिसिंग टळत नाही. नंतरही तीन ते पाच वर्षांनी एकदा करावी लागते. सुकलेल्या तेलावर घड्याळ चालवत राहिलात, तर चाकं झिजतात आणि मग दुरुस्तीचा खर्च घड्याळापेक्षा जास्त होतो. काचेवरच्या ओरखड्यांना मात्र घाबरू नका. एचएमटीसारख्या जुन्या घड्याळांची काच बहुतेकदा ॲक्रिलिकची असते आणि ती घासून साफ होते.

आणि घ्यायचं कुठून? मुंबईचा चोर बाजार आहे, पुण्याचा बुधवार-रविवारचा जुना बाजार आहे, ऑनलाइन तर रांग लागलीय. तिथे जरूर फिरा, पण पहिलं घड्याळ शक्यतो दुरुस्तीवाल्याकडूनच घ्या. त्यांच्या ड्रॉवरमध्ये लोकांनी विकलेली जुनी घड्याळं पडलेली असतात. मशीन त्यांनी स्वतः उघडून पाहिलेलं असतं आणि बंद पडलं तर जायचं कुठे, हा प्रश्नच उरत नाही.

ऑनलाइन घेणार असाल, तर विकणाऱ्याला पैसे देण्याआधी चार प्रश्न लेखी विचारा. डायल मूळ आहे की रंगवलेला? शेवटची सर्व्हिसिंग कधी झाली? मशीनचा फोटो मिळेल का? बंद पडलं तर परत घ्याल का? उत्तरं चॅटमध्ये जपून ठेवा. मी यातला एकही प्रश्न विचारला नव्हता.

आणि बाबांच्या घड्याळाचं काय झालं?

निळं घड्याळ परत गेलं नाही, विकणाऱ्याने नंतर उत्तरच दिलं नाही. काकांनी ड्रॉवरमधून एक जनता काढलं. पांढरा डायल चहाच्या डागासारखा पिवळसर झालेला, सहाच्या आकड्यापाशी एक ठिपका. सर्व्हिसिंगसकट निळ्यापेक्षा ३०० रुपये जास्त पडले.

बाबांनी ते बराच वेळ उलटंसुलटं करून पाहिलं. "माझं असंच होतं," म्हणाले.

ते दिवसाला वीसेक सेकंद पुढे जातं. बाबा रोज सकाळी चहा घेताना चावी देतात आणि रविवारी मोबाईलवर बघून वेळ लावतात.