पाटीच्या दगडातला तारामासा

पश्चिम जर्मनीत, मोझेल व नाहे या नद्यांच्या दरम्यान पसरलेल्या हुन्सरूक नामक डोंगराळ मुलखात, घरांवर छपरे घालण्यासाठी पाटीचा काळा दगड शतकानुशतके काढला जात असे. आणि बुंडेनबाखच्या खाणींतील कारागीर तो दगड पातळ पदरांत उकलीत असता, सुमारे ४० कोटी वर्षांपूर्वीच्या समुद्रातील तारामासे, भुजांच्या टोकांपर्यंत साबूत असे, त्यांच्या हाती लागत.

ही साबूत अवस्था हेच खरे नवल होय. तारामाशाचा सांगाडा म्हणजे कॅल्साइटच्या असंख्य चिमुकल्या पट्टिकांची जुळणी. त्यांना बांधून ठेवणाऱ्या मऊ ऊती मृत्यूनंतर थोड्याच दिवसांत कुजतात आणि पट्टिका विखुरतात. म्हणून अखंड तारामासा सापडला, की तो जिवंतपणी, निदान मरणानंतर लगोलग, गाळाच्या एखाद्या लोंढ्याखाली गाडला गेला असला पाहिजे, असे मानणे भाग पडते; कित्येक नमुन्यांच्या भुजा एकाच दिशेला वळलेल्या दिसतात, ती त्या प्रवाहाचीच साक्ष.

पुढचे काम रसायनाने केले. तेथील गाळात लोह विपुल होते, सेंद्रिय द्रव्य मात्र तुटपुंजे. त्यामुळे प्राणवायूविना जगणारे जीवाणू सल्फेटापासून जो सल्फाइड निर्माण करीत, तो मुख्यतः कुजणाऱ्या देहापाशीच उत्पन्न होई, आणि दूर जाण्यापूर्वीच लोहाशी संयोग पावून पायराइटच्या रूपाने तेथेच साचे.

ओळख पटविण्यासाठी नुसत्या भुजा मोजून भागत नाही. याच दगडातील हेलिआन्थास्टरला पाचाहून कितीतरी अधिक भुजा आहेत. आजच्या तारामाशाची भुजा बुडाशी रुंद होत मध्यभागात मिसळते, तर त्याच्या आप्तांपैकी ब्रिटल स्टारची सडपातळ भुजा वाटोळ्या चकतीतून एकदम बाहेर पडते. परंतु इतक्या प्राचीन काळी हा भेद पुसट असल्यामुळे प्राणी उलटा करून भुजेखालच्या खोबणीतील पट्टिकांच्या दोन रांगा समोरासमोर आहेत की एकाआड एक, याची शहानिशा करावी लागते. दगडात दडलेली ही बाजू क्ष-किरणांनी उघड केली, कारण पायराइट त्यांना पाटीपेक्षा अधिक अडवितो. वाल्टर लेमान यांनी १९३० नंतरच्या दशकात ही वाट पाडली, आणि विल्हेल्म श्ट्युर्मर यांनी तिचा विस्तार केला. दगड न फोडता प्राण्याची घडण वाचण्याची ही रीत मला पुराजीवशास्त्रातील अत्यंत सुंदर युक्ती वाटते.

एक सावधगिरी मात्र अवश्य बाळगावी लागते: पर्वत घडत असता हा गाळ दाबला व ताणला गेला, त्याबरोबर आतील प्राणीही चपटे झाले, क्वचित एका दिशेने लांबले, तेव्हा भुजेच्या लांबीरुंदीवरून जाती ठरविण्याआधी त्याच पाटीतील शेजारचे जीवाश्मही तसेच ताणलेले आहेत काय, याची खातरजमा करून घ्यावी लागते.