आकड्यांचा झुबका : एका जुन्या वस्तूची ओळख

गतवर्षी आपल्या शाळेत जुन्या वस्तूंचे प्रदर्शन भरवावयाचे ठरले, तेव्हा विद्यार्थ्यांनी घरोघरचे माळे आणि अडगळीच्या खोल्या धुंडाळून नाना वस्तू आणल्या. कोणी अडकित्ता आणला, कोणी पितळी समई, तर कोणी धान्य मोजावयाची शेर-पायलीची मापे. जुन्या भोपाळात राहणाऱ्या आठवीतील एका विद्यार्थ्याने मात्र गोणपाटात गुंडाळलेली एक विलक्षण लोखंडी वस्तू माझ्या टेबलावर ठेवली. वीतभर रुंदीचे एक गोल कडे; त्याला वरच्या बाजूस तीन आखूड साखळ्या, त्या तिन्ही एका जाड कडीत एकत्र आलेल्या; आणि खाली कड्यात सैल अडकवलेले, टोके वर वळवलेले आठ आकडे. सोबत त्याने सुंदर अक्षरांत एक चिठ्ठीही लिहून आणली होती : 'किल्ल्याच्या तटावर चढण्याचे मराठ्यांचे साधन. भोपाळची लढाई, १७३७.'

ती चिठ्ठी वाचून मला आनंदही झाला आणि चिंताही वाटली. आनंद अशासाठी, की त्याला इतिहास ठाऊक होता. चिंता अशासाठी, की प्रदर्शनात लावलेली चिठ्ठी शेकडो लोक वाचणार, आणि छापील किंवा रेखीव अक्षरांवर लोकांचा फार लवकर विश्वास बसतो. म्हणून मी त्याला म्हटले, "बाळ, तू म्हणतोस तसे असेलही, परंतु आपण आधी या वस्तूलाच विचारून पाहू."

वस्तूला कसे विचारावयाचे? प्रथम इतिहासाकडे वळू. डिसेंबर १७३७ मध्ये पहिल्या बाजीराव पेशव्यांनी निजामाला भोपाळात कोंडले, हे खरे. परंतु त्यांनी तटावर चढून शहर घेतले नाही. चहूकडून वेढा घालून त्यांनी निजामाची रसद तोडली. अन्नावाचून सैन्य हवालदिल झाले आणि जानेवारी १७३८ मध्ये दोराहा येथे निजामाला तह करावा लागला. म्हणजे जी लढाई उपासमारीने जिंकली, तिच्यासाठी तट चढण्याचे साधन शोधणे व्यर्थ होय.

मग सिंहगडाची आठवण निघाली. ४ फेब्रुवारी १६७० च्या त्या रात्री तानाजी मालुसरे यांचे मावळे कडा चढून गेले. तुळशीदास शाहिराच्या पोवाड्यामुळे घोरपडीची कथा घराघरांत पोचली. परंतु सभासदाच्या बखरीत मावळे वानरांप्रमाणे कडा चढल्याचे वर्णन आहे. दोराच्या शिडीचा तर्कही काही अभ्यासक करतात. लोखंडी आकड्यांचा असा झुबका मात्र या कथेत कोठेच येत नाही.

आता गिर्यारोहणाची खरी साधने पाहू. बर्फावर चालताना बुटाखाली दातेरी चौकट बांधतात, तिला क्रॅम्पॉन म्हणतात. १९०८ मध्ये ऑस्कर एकेनस्टाइन यांनी तिला दहा दात्यांचे रूप दिले. १९२९ मध्ये लॉरां ग्रिव्हेल यांनी पुढे आणखी दोन दाते बसवले. या दात्यांची टोके खाली, बर्फाकडे असतात. आपल्या वस्तूची टोके वर वळलेली आहेत. तटावर फेकावयाचा आकडा म्हणावा, तर त्याचे पंजे दांड्याला घट्ट जोडलेले हवेत. येथे प्रत्येक आकडा स्वतंत्र झुलतो. असा सैल आकडा दगडाला धरून राहील कसा? शिवाय गिर्यारोहकाची साधी कडीदेखील सुमारे २००० किलो वजनाइतका ताण सोसेल अशी बनवलेली असते. आपले आकडे करंगळीहून बारीक. माणसाच्या एका हिसक्याने ते सरळ होतील. विद्यार्थिमित्रहो, कोणाच्या मनात हा झुबका भिंतीवर फेकून पाहावे असे आले असेल, तर ते मनातच ठेवा.

यानंतर आम्ही भिंग घेऊन ती वस्तू न्याहाळली. तीन गोष्टी ध्यानात आल्या. एक, वरची कडी आतून घासून गुळगुळीत झाली होती; म्हणजे तिच्यात दोर बांधून तो वारंवार ओढला गेला होता. दोन, आकड्यांची टोके तीक्ष्ण नव्हती. लोहाराने ती मुद्दाम बोथट ठेवली होती. शस्त्राला बोथट टोक कशाला असेल? जे पकडावयाचे त्याला भोक पडू नये, अशीच ही योजना दिसते. तीन, खालच्या भागात गंजावर पांढरट पुटे चढली होती. पाण्यातील चुन्याचा साका वर्षानुवर्षे साचला की अशी पुटे चढतात. चहाच्या भांड्यातही ती दिसतात. दोर, बोथट आकडे आणि पाणी! तिन्ही साक्षी एकाच दिशेने बोट दाखवीत होत्या.

शेवटची साक्ष त्या विद्यार्थ्याच्या आजींनी दिली. ऐंशी ओलांडलेल्या त्या माउलींना नातवाने ती वस्तू दाखवली, तेव्हा त्या हसून म्हणाल्या, "अरे, हा तर आपल्या विहिरीचा गळ! याने माझी कळशी काढली होती."

मासे धरण्याच्या गळाशी या गळाचे नावापुरतेच नव्हे, तर कामाचेही नाते आहे. विहिरीत पडलेली घागर, कळशी, पोहरा किंवा बादली वर काढणे हे याचे काम. तळाशी भांडे उभे आहे की आडवे, कान कोणत्या बाजूला आहे, हे वरून कळत नाही. म्हणून आकडे एक-दोन न ठेवता चोहो बाजूंनी ठेवतात. ते सैल असतात, म्हणून तळाशी टेकताच पसरतात आणि भांड्याच्या काठात, कानात किंवा गळ्याभोवतीच्या दोराच्या फासात कोठेतरी अडकतात. काही घरी दुपारी ऊन डोक्यावर आले, की आरशाने सूर्याचा कवडसा विहिरीत सोडीत व तळ पाहून मग गळ टाकीत.

यात पदार्थविज्ञानाचा एक मौजेचा पाठ आहे. समजा, अडीच किलोची पितळी कळशी दहा लिटर पाणी भरून तळाशी बसली आहे. पाण्यात असेतोवर आतल्या पाण्याचा भार हाताला लागतच नाही, आणि पितळही सुमारे तीनशे ग्रॅमने हलके भासते. म्हणजे दोरावर अवघे सव्वादोन किलो! परंतु कळशी पाण्याबाहेर आली, की भार एकदम साडेबारा किलो होतो. घाई करणाऱ्याची कळशी नेमकी तेथेच निसटून पुन्हा तळ गाठते. जाणती माणसे पृष्ठभागाशी येताच क्षणभर थांबत, भांडे तिरपे होऊन पाणी सांडू देत, आणि मग सावकाश ओढीत. आर्किमिडीजचे नाव न ऐकताही त्यांना त्याचा सिद्धान्त हाताने ठाऊक होता.

हे साधन देशभर वापरात होते. हिंदीत त्याला काँटा म्हणतात. बिलाई असेही एक नाव आहे. बिलाई म्हणजे मांजर. तिची नखे आठवली की नावाचा अर्थ उलगडतो. तमिळ व मल्याळम भाषांत ते पाताळकरंडी, म्हणजे पाताळातील पळी! एकाच लोखंडी वस्तूत कोणाला मासेमाराचा गळ दिसला, कोणाला मांजर, तर कोणाला स्वयंपाकघरातील पळी.

आजींच्या कळशीची कथा त्यांच्याच तोंडून ऐकली. लग्न होऊन त्या भोपाळात आल्या, त्या पहिल्याच उन्हाळ्यात आईने दिलेली, आईचे नाव कोरलेली कळशी विहिरीत पडली. परका प्रांत, नवे घर, सांगावयाचे कोणाला? त्या काठाशी रडत उभ्या होत्या. शेजारच्या हिंदीभाषक बाईंनी आपला काँटा आणला आणि तिसऱ्या खेपेस कळशी वर काढून दिली. पुढे घरात नळ आला आणि ती विहीर बुजवली गेली, तेव्हा त्या बाईंनी, "हा तुमच्याकडे आठवण म्हणून असू द्या," असे सांगून तो काँटा आजींच्या हाती दिला. कळशी आजही देवघराजवळ आहे.

नळ आले, कूपनलिका आल्या. कूपनलिकेच्या अरुंद तोंडात घागर शिरतच नाही, मग गळ कशाला लागणार? वस्तू अडगळीत गेली, आणि तिच्यामागोमाग तिचे नावही विस्मरणात गेले. दोन पिढ्यांत घरची वस्तू घरच्यांनाच परकी झाली.

आपला विद्यार्थी प्रथम थोडा खट्टू झाला. शस्त्र गेले आणि हाती विहिरीचा गळ उरला! मी त्याला साताऱ्याचे उदाहरण सांगितले. लंडनच्या व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट संग्रहालयातील वाघनखे जुलै २०२४ मध्ये साताऱ्याच्या संग्रहालयात पाहावयास ठेवली गेली. ती शिवछत्रपतींनी वापरलेलीच आहेत याची खात्री करता आलेली नाही, असे ते संग्रहालय स्वतःच सांगते. एवढ्या मोठ्या वस्तूविषयीही जेथे पुरावा संपतो तेथे थांबावयाचे, तर आपण आपल्या चिठ्ठीवर अधिक का लिहावे?

दुसऱ्या दिवशी त्याने जुनी चिठ्ठी फाडून नवी आणली : 'गळ. विहिरीत पडलेली भांडी काढण्याचे साधन. याने माझ्या आजीची कळशी परत मिळाली.' प्रदर्शनात त्या टेबलाजवळ सर्वांत अधिक वेळ थांबली ती घरोघरची आजी-आजोबा मंडळी. आणि प्रत्येकाजवळ सांगावयास विहिरीत पडलेल्या एखाद्या भांड्याची गोष्ट होती.

विद्यार्थिमित्रहो, तुमच्याही माळ्यावर अशी एखादी अनोळखी वस्तू असेल. तिला चिठ्ठी लावण्यापूर्वी तिची झीज पाहा, टोके पाहा, गंज पाहा. आणि मुख्य म्हणजे, आजी-आजोबा आहेत तोवर त्यांना विचारा.