चिठ्ठीवरचा ‘लिपोसोमल’ हा शब्द

२०२१ साली कोरोनाच्या पाठोपाठ काळ्या बुरशीने, विशेषतः मधुमेही रोग्यांना, गाठले. तेव्हा कित्येक घरची माणसे एक चिठ्ठी घेऊन शहरोशहरीच्या औषधांच्या दुकानांतून वणवण हिंडली. चिठ्ठीवर लिहिलेले असे: लिपोसोमल ॲम्फोटेरिसिन बी. यातला पहिला शब्द पुष्कळांना शोभेचा वाटतो. तो तसा नाही, म्हणून त्याविषयी चार शब्द लिहीत आहोत.

अंड्याच्या बलकात आणि आपल्या शेतातल्या सोयाबीनमध्ये लेसिथिन नावाचा स्निग्ध पदार्थ असतो. त्याच्या कणाचे एक टोक पाण्याकडे ओढ घेते, दुसरे पाण्यापासून पळते. तो पाण्यात कालवला की पळणारी टोके एकमेकांना बिलगून आत दडतात आणि दुहेरी पडद्याच्या अतिसूक्ष्म पिशव्या आपोआप तयार होतात. हेच लिपोसोम. इंग्लंडात केंब्रिजजवळच्या बाब्रॅहॅम येथे, जनावरांच्या शरीरक्रियेचा अभ्यास करणाऱ्या संस्थेत, ॲलेक बँगहॅम यांनी १९६० नंतरच्या दशकात त्यांचा शोध लावला. आपल्या पेशींचे आवरणही याच जातीचे, त्यामुळे या पिशव्या शरीरात जिरून जातात.

साधे ॲम्फोटेरिसिन बुरशीला मारते, पण मूत्रपिंडालाही दुखावते. लिपोसोमच्या पडद्यात बसवलेले औषध रक्तात मोकळे फिरत नाही, म्हणून तो त्रास कमी होतो. बिहारमधल्या काळा आजाराच्या बाबतीत तर आणखी गंमत आहे. त्याचे जंतू प्लीहा व यकृतातल्या भक्षक पेशींत लपतात. आणि रक्तातले लिपोसोम गिळतात त्याही याच पेशी. औषध नेमके चोराच्या बिळात! शिरेतून एकदाच दिलेल्या मात्रेने तेथे शंभरातले सुमारे पंचाण्णव रोगी बरे झाल्याचे २०१० साली प्रसिद्ध झाले. (बाजारातल्या ‘लिपोसोमल’ जीवनसत्त्वांचा याच्याशी संबंध नावापुरता. आमच्या मते त्या पैशांची अंडी घ्यावीत.)

आता मुख्य गोष्ट. साध्या औषधाची मात्रा दिवसाला दर किलो वजनामागे दीड मिलिग्रॅमच्या वर नेत नाहीत. काळ्या बुरशीसाठी लिपोसोमलची मात्रा ५ ते १० मिलिग्रॅम असते. लिपोसोमलच्या हिशेबाने साधे औषध दिले गेले तर रोगी दगावू शकतो. दुकानदाराने ‘तेच आहे, स्वस्तात आहे’ म्हणून दुसरी कुपी पुढे केली, तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय घेऊ नये. योग्य कुपी मिळाल्यावर तीही बर्फाला टेकवून आणू नये. ती गोठली की आतल्या पिशव्या फुटतात.