महार रेजिमेंटची जन्मकथा

श्रोतेहो, प्रजासत्ताकदिनाचे संचलन पाहण्यासाठी दिल्लीत माणसांची रीघ लागते. एकामागून एक तुकड्या पावले टाकीत पुढे जातात आणि पाहणाऱ्यास वाटते, सैन्याच्या या पलटणी जणू अनादिकालापासून अशाच उभ्या आहेत. परंतु प्रत्येक पलटणीस तिची जन्मकथा असते. महार रेजिमेंटची जन्मकथा ही तर एका बंद झालेल्या दाराची कथा आहे.

हे दार मुळात बंद नव्हते. ईस्ट इंडिया कंपनीच्या मुंबई फौजेत महार शिपायांचा भरणा मोठा होता. १ जानेवारी १८१८ रोजी कोरेगाव भीमा येथे ते लढले. तेथील स्तंभावर कोरलेल्या नावांपैकी अनेकांच्या अखेरीस 'नाक' हे अक्षरद्वय आढळते. महारांच्या नावांची ती जुनी खूण होय. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांचे वडील रामजी सकपाळ हे याच फौजेत सुभेदार झाले. गावात ज्यास विहिरीवर जाण्याची बंदी, त्यास लष्करात वेतन, हुद्दा आणि मुख्य म्हणजे अक्षरओळख लाभत असे. लष्करी शाळेत त्याची मुले शिकत.

१८९२ च्या सुमारास हे सारे संपले. काही जातीच तेवढ्या लढवय्या, असा सिद्धान्त सरकारने उचलला. पलटणींची रचना जातवारीने झाली आणि महारांची भरती थांबली. हानी केवळ नोकऱ्यांची नव्हती. एका समाजाची शिक्षणाची आणि प्रतिष्ठेची वाटच खुंटली. निवृत्त सैनिक गोपाळबाबा वलंगकर यांनी अर्ज केले. १९१० मध्ये शिवराम जानबा कांबळे यांनी थेट भारतमंत्र्यांकडे दाद मागितली. पहिल्या महायुद्धात शिपाई कमी पडू लागले, तेव्हा १९१७ मध्ये १११ वी महार पलटण उभी राहिली. युद्ध संपल्यावर थोड्याच वर्षांत तीही मोडली गेली. गरज सरो, वैद्य मरो, ही म्हण येथे अक्षरशः खरी ठरली.

दुसऱ्या महायुद्धात डॉ. आंबेडकरांनी हा प्रश्न पुन्हा धसास लावला. भरती हा उपकार नसून नागरिकाचा हक्क आहे, ही त्यांची भूमिका होती. १ ऑक्टोबर १९४१ रोजी बेळगाव येथे महार रेजिमेंटची पहिली पलटण उभारली गेली. पुढच्याच वर्षी बाबासाहेब व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळाचे मजूर सभासद म्हणून दिल्लीस आले, आणि त्याच वर्षी कामठीस दुसरी पलटण सिद्ध झाली. या दुसऱ्या पलटणीने ब्रह्मदेशाच्या मोहिमेत भाग घेतला; इतर पलटणींच्या वाट्यास वायव्य सरहद्दीवरील आणि देशांतर्गत बंदोबस्ताची कामे आली. सरहद्दीवरील पहारा हे गाजावाजाचे काम नव्हे; पण पलटणीची शिस्त अशा कामांतच कसास लागते.

या वेळी मात्र युद्ध संपल्यावर रेजिमेंट मोडली गेली नाही. १९४६ मध्ये तिचे मशीनगन रेजिमेंटमध्ये रूपांतर झाले. १९४७ मध्ये फाळणीच्या वणव्यात तिच्या पलटणी पंजाब सीमा दलात होत्या. जीव मुठीत धरून निघालेल्या निर्वासितांच्या तांड्यांचे रक्षण करण्याचे काम त्या दलाकडे होते. ज्यांच्या सावलीचाही एके काळी विटाळ मानला जाई, त्यांच्या बंदुकीच्या आश्रयाने सर्व जातींची माणसे सीमा ओलांडीत होती! इतिहासाने उगवलेला सूड म्हणावा, तर तो असा उदार होता.

पुढे ही रेजिमेंट पुन्हा पायदळाची झाली. आज मध्यप्रदेशातील सागर येथे तिचे केंद्र आहे आणि तिच्यात सर्व जातिधर्मांचे जवान आहेत. मेजर रामस्वामी परमेश्वरन यांना १९८७ मध्ये श्रीलंकेत आलेल्या वीरमरणानंतर परमवीरचक्र अर्पण झाले. ते याच रेजिमेंटच्या आठव्या पलटणीचे. जनरल कृष्ण राव आणि जनरल सुंदरजी हे दोन सरसेनापतीही तिच्यातूनच आले.

श्रोतेहो, अनेक पलटणींच्या रणघोषांत देवदेवतांचे वा वीरपुरुषांचे नाव असते. महार रेजिमेंटचा रणघोष आहे : 'बोलो हिंदुस्तान की जय'. ज्यांना जातीच्या नावाखाली दाराबाहेर ठेवले गेले, त्यांच्या पलटणीने जयजयकारासाठी सबंध देशाचे नाव निवडावे, यात तिच्या कथेचे सार आले आहे.